बरणीतलं मरण

१

फायलीतलं चौथं पान कुणीतरी फाडलं होतं, आणि त्या माणसाला धड फाडताही आलं नव्हतं. पिनेखाली कागदाची एक उभी पट्टी तशीच लोंबत राहिली होती. डॉ. कुमुद नेहेते यांनी ती नखानं उचलली आणि टेबलापलीकडे बसलेल्या पंडितनानांना विचारलं, की हे पान कुठं आहे. पंडितनाना म्हणजे या धुळ्यातल्या रुग्णालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष. ते म्हणाले, पानं काय, येतात नि जातात, तुम्ही आधी चहा घ्या.

कुमुदबाईंनी चहाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी जळगावात विकृतिशास्त्र शिकवलं होतं. म्हणजे आजार पेशींत शिरला की पेशींचं काय होतं, ते शास्त्र. आता निवृत्त होऊन तिथेच मेहरूणला घरी असत. ज्या टेबलावर चहा आधी येतो आणि कागद मागून, तिथल्या कागदात खोट असते, हे त्यांना या पस्तीस वर्षांत पाठ झालं होतं. इथे तर चहासोबत काजूही होते.

प्रकरण असं होतं. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली ज्योती नावाची तेवीस वर्षांची सून दोन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी संध्याकाळी पोटदुखीनं दाखल झाली. शनिवारी सकाळी डॉ. प्रेमराज यांनी तिचं पोट उघडलं आणि उजवं अंडाशय काढून टाकलं. त्यांच्या टिपणात लिहिलं होतं, की अंडाशयाला पीळ पडला होता, रक्त तुटलं होतं, ते काळंठिक्कर होऊन पुरतं मेलं होतं. रात्रपाळीच्या सिस्टरनं चौदा तास काहीच कळवलं नाही. कळवलं असतं तर वाचलं असतं.

ती सिस्टर म्हणजे दिपमाला. तिला कामावरून काढून झालं होतं. तिची नोंदणी रद्द व्हावी म्हणून पत्र टाइप करून तयार होतं, आणि पोलिसांत द्यायच्या अर्जावर ज्योतीच्या सासूचा अंगठाही उमटला होता. दोन्ही कागद एका सहीसाठी अडले होते. बाहेरच्या कुणा जाणत्यानं एवढंच लिहून द्यायचं, की अंडाशय खरंच मेलेलं होतं.

"तुमच्या नावाला वजन आहे, मॅडम," पंडितनाना म्हणाले. "दोन ओळी लिहा आणि जेवायला घरी चला. शेवभाजी सांगून ठेवलीय."

"आधी स्लाइड बघते," कुमुदबाई म्हणाल्या. "मग भूक उरते का ते बघू."

त्यांनी फायलीतली ती कागदाची पट्टी पिनेतून सोडवली आणि सरळ आपल्या पर्समध्ये टाकली. पंडितनानांनी ते पाहिलं, पण कचऱ्याबद्दल वाद काय घालायचा, असा चेहरा करून काजू उचलला.

२

प्रयोगशाळा तळघरात होती. मोठ्या रुग्णालयांना आपली प्रयोगशाळा पाहुण्यांना दाखवायची लाज वाटते. दर्शनी भागात संगमरवर आणि गणपती. तिथला तरुण पॅथॉलॉजिस्ट डॉ. दीपक दारातच उभा होता. त्यानं नम्रपणे सांगितलं, की स्लाइड अगदी स्पष्ट आहे, पेशी मेलेल्या आहेत, त्यानं तसा रिपोर्ट दिलेलाच आहे.

कुमुदबाईंनी त्याला विचारलं, की आधी स्लाइड पाहिली की आधी सर्जनचं टिपण वाचलं. तो गडबडला आणि म्हणाला, टिपण वाचूनच बघतो, म्हणजे दिशा मिळते. कुमुदबाईंनी मान हलवली. मेंढरालाही दिशा मिळतेच.

त्या मायक्रोस्कोपवर वाकल्या.

पेशी मेलेल्या होत्या, यात शंका नव्हती. केंद्रकं पुसून गेली होती. उरल्या होत्या फिकट गुलाबी आकृत्या, लग्नघरातला मांडव उतरवल्यावर जमिनीत उरणाऱ्या खड्ड्यांसारख्या. कुणीही म्हणेल, मरण. दीपकसारखा तर दुरूनच म्हणेल. पण कुमुदबाई विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगत, की मेलेल्याकडे बघू नका, त्याच्या शेजाऱ्यांकडे बघा. जिवंत शरीरात एक मूठभर पेशी मेल्या तरी आजूबाजूचे गप्प बसत नाहीत. गल्लीत मयत झाली की कसे सगळे हातातलं टाकून धावतात, तसं असतं ते. रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी भिंतीतून वाट काढत येतात, मेलेल्यांना उचलतात, जंतूंशी लढतात आणि तिथेच मरूनही पडतात. सूज म्हणतात ती हीच. लोकांना ती आजार वाटते. खरं तर ती शरीराची माया असते.

या स्लाइडवर माया नव्हती. कुमुदबाईंनी कडा पाहिल्या, देठ पाहिला. पीळ पडलेल्या अवयवात रक्त तुंबून शिरा टम्म होतात, इथे त्या रिकाम्या होत्या. सडवणारे जंतू मात्र जिकडेतिकडे पसरलेले. भुसावळच्या फलाटावर पसरतात तशा थाटात. आणि त्यांना हटकायला एकही पांढरी पेशी आलेली नव्हती. एकही नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दीपक, हे अंडाशय त्या मुलीच्या पोटात मेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पोटातून निघालं तेव्हा ते चांगलं जिवंत होतं. ते बरणीत मेलंय."

३

दीपकचा चेहरा उतरला. त्यानं लगेच एक पळवाट शोधली, की कधी कधी बरणीत फॉर्मॅलिन कमी पडतं, मधला भाग कुजतो. कुमुदबाईंना हेच हवं होतं. पळवाट शोधणारा माणूस वाट दाखवून जातो.

त्यांनी त्याला घरातलं उदाहरण दिलं, कारण पुस्तकातलं त्याला झेपलं नसतं. कैरीला आधी मीठ लागलं तर ती वर्षभर टिकते. फोडी मोठ्या राहिल्या तर आतून खराब होतील, पण साल तरी शाबूत राहील. आणि कैरी आधी सडली, मग तिला मीठ लावलं, तर ते सालीपासून कोयीपर्यंत सडक्याचंच लोणचं. फॉर्मॅलिन म्हणजे पेशींचं मीठ. ते बाहेरून आत मुरतं आणि जिथे मुरतं तिथे सडणं थांबतं. इथे तर अगदी काठावरची पेशीसुद्धा सडलेली होती. म्हणजे सुरुवातीला बरणीत फॉर्मॅलिन नव्हतंच.

मग त्यांनी उरलेला नमुना मागितला. काढलेला अवयव महिनाभर बरणीत जपायचा, असा तिथला नियम. फळीवर सगळ्या बरण्या क्रमानं होत्या. ज्योतीची जागा रिकामी होती.

दीपक म्हणाला, त्याला काहीच ठाऊक नाही. हे मात्र त्यांना पटलं. त्याला खरंच काही ठाऊक नसायचं.

कोपऱ्यात नमुन्याचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे स्लाइडसाठी कापत बसलेला तंत्रज्ञ नूर महंमद इतका वेळ मान खाली घालून होता. तीस वर्षं तो केसापेक्षा पातळ काप काढत आला होता आणि इथल्या एकाही डॉक्टरनं त्याला कधी खुर्ची दिली नव्हती. कुमुदबाई स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या. त्यांनी विचारलं, की नूरभाई, ही बरणी तुमच्या हातात आली कधी आणि कशी.

नूरभाईनं रजिस्टर काढलं. सोमवारी दुपारी साडेबारा. म्हणजे शनिवारी काढलेला अवयव दोन दिवस कुठं तरी भटकत होता, आणि तेही मे महिन्यात, धुळ्यात. नमुना मऊ पडलेला, हिरवट, ते त्याला तेव्हाच खटकलं होतं. पण बरणीत फॉर्मॅलिन होतं का, या प्रश्नावर त्यानं ठामपणे हो म्हटलं.

"झाकण खोललं तर डोळ्यांची आग झाली, मॅडम. एवढं कडक, ताजं. आपण रोज वापरतो त्याहून जास्त. मी दोन वेळा तोंड धुतलं." त्यानं रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "बरणी परवापर्यंत इथेच होती. काल फरशी पुसायला बाहेर काढलं आम्हाला सगळ्यांना. आत आलो तर नव्हती."

"मेणाचे ठोकळे?"

नूरभाईनं आपला जेवणाचा डबा ठेवायचा खण उघडला. कापडात गुंडाळलेले ज्योतीच्या नमुन्याचे पाच ठोकळे त्यानं टेबलावर मांडले. फळीवरून बरणी गेली तेव्हाच त्यानं ते हलवले होते. कुणी सांगितलं नव्हतं.

४

आता दोनच प्रश्न उरले होते. बरणी आधी फॉर्मॅलिनविना कुणी ठेवली, आणि मागाहून कडक फॉर्मॅलिन कुणी ओतलं.

शस्त्रक्रियागृहात बरण्या भरायचं काम धनसिंगचं. तो आला तोच हात जोडून. त्यानं शपथ घेतली, की त्यानं फॉर्मॅलिनच भरलं होतं, काठोकाठ, स्वतःच्या हातानं.

कुमुदबाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, की तो खोटं बोलतोय. त्यानं फॉर्मॅलिन भरलं असतं तर निदान अवयवाचा काठ टिकला असता. धनसिंग रडकुंडीला आला. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यानं चुकून पाणी भरलं असतं, तर सोमवारी बरणीत पाणीच निघालं असतं. आपण चुकलो हे ज्याला माहीत नाही, तो चूक निस्तरायला परत येत नाही. म्हणजे चूकही त्याची नाही. म्हणजे त्यानं बरणी भरलीच नाही, आणि भरली नाही हे सांगायची त्याला भीती वाटते.

धनसिंगनं दाराकडे पाहिलं.

"सरांनी कोरडीच नेली," तो पुटपुटला. "म्हणाले, राहू दे, लॅबमध्ये मीच देतो."

"डॉ. प्रेमराज? स्वतः?"

"स्वतः. पिशवीत घालून. गाडीत ठेवली. दुसऱ्या दिवशी जळगावला त्यांचा सत्कार होता."

कुमुदबाई खुर्चीला टेकल्या. डॉ. प्रेमराज यांची छत्री वॉर्डबॉय धरतो, स्टेथोस्कोप सिस्टर धरते, डबा ड्रायव्हर आणतो, हे त्यांनी सकाळी तासाभरातच पाहिलं होतं. आणि तो माणूस शनिवारी दुपारी एक बरणी पिशवीत घालून स्वतः गाडीपर्यंत चालत गेला. मेच्या उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टी. दोन दिवस पुरेसे होते.

पण का? जिवंत, धडधाकट अंडाशय कापायला सर्जनला काय वेड लागलं होतं? आणि कापलं ते कापलं, ते सडवायचं कशाला?

५

ज्योतीचे टाके पिकले होते, म्हणून ती अजून वॉर्डातच होती. तिची सासू ताईबाई बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुमुदबाई त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. ताईबाईंनी आधी दिपमालाचा उद्धार केला. ती पोरगी निजून राहिली आणि मन्ही सून मारी टाकी, असं त्या आल्यागेल्याला सांगत होत्या. हे वाक्य त्यांना कुणी पढवलं ते विचारायची गरज नव्हती.

पोटातून काढलेली वस्तू ताटात घालून नातेवाइकांना दाखवायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. दाखवली नाही तर लोकांना वाटतं, डॉक्टरनं नुसतंच कापलं आणि शिवलं. कुमुदबाईंनी विचारलं, की ताट दाखवलं का. ताईबाई म्हणाल्या, दाखवलं तर. डॉक्टर स्वतः आले, हसत. म्हणाले, गाठ होती, काढली, आता चिंता नाही.

"सडलंय म्हणाले?"

ते मंगळवारी म्हणाले, ताईबाईंनी सांगितलं. शनिवारी गाठ म्हणाले. मंगळवारी ज्योतीला खालून रक्त जायला लागलं, तेव्हा म्हणाले, आत सडलं होतं, म्हणून. सिस्टरनं उशीर केला म्हणून.

"ताटात काळं होतं का, अक्का?"

ताईबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की ही शिकलेली बाई एवढं साधं काय विचारते.

"काया नही व्हतं. लाल व्हतं, नि मझार पिवया गोया, हयदना मायेक. मी मन्हा डोयाघाई देखं."

काळं नाही. लाल, आणि मध्ये हळदीसारखा पिवळा गोळा. कुमुदबाई ताडकन उठल्या, तेव्हा त्यांचा गुडघा करकरला. पाचव्या ठोकळ्याच्या स्लाइडवर एक मोठी गोल आकृती होती, मोठमोठ्या पेशींची, सडून पुसट झालेली. सकाळी त्यांनी ती पाहून न पाहिल्यासारखी केली होती. आता त्यांना स्वतःचाच राग आला. दीपकला हसताना आपणही तेच करत होतो.

दिपमालाला त्यांनी फोन करून बोलावलं. ती साध्या साडीत आली, कडेवर दीड वर्षाची मुलगी, तिच्या हातात अर्धं चोखलेलं बिस्कीट. गेटवरच्या रखवालदारानं तिला अडवलं होतं. रोज नमस्कार करणाऱ्या माणसानं. तिनं त्याबद्दल तक्रार केली नाही. मुलीला कुमुदबाईंच्या पर्सशी खेळू दिलं आणि त्या शुक्रवारची हकिगत सांगितली. ज्योतीला तिनं पाळीचं विचारलं, तर ज्योतीनं आधी सासू कुठं आहे ते पाहिलं आणि मग सांगितलं, की तीन आठवडे वर गेलेत. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, म्हणून घरात कुणाला माहीत नव्हतं. नवरा सुरतेला कामाला, त्यालाही फोनवर सांगितलेलं नव्हतं. दिपमालानं ते लिहून ठेवलं आणि वरच्या मजल्यावर डॉ. प्रेमराज यांच्या खोलीत इंटरकॉमवर कळवलं, दोनदा. इंजेक्शन द्या, सकाळी बघू, एवढं उत्तर मिळालं.

"कुठल्या वेळी लिहिलंस, आठवतं?"

तिनं विचार केला नाही. पाठ होतं. सात चाळीस, सव्वानऊ, अकरा दहा, पावणेदोन, चार वीस, सहा.

कुमुदबाईंनी पर्समधून ती फाटकी पट्टी काढली. सिस्टर लोक वेळ डाव्या समासात लिहितात आणि पान फाडणाऱ्यानं समास तेवढा पिनेखाली ठेवला होता. पट्टीवर एकाखाली एक सहा आकडे होते. तेच, त्याच क्रमानं.

"निजलेली बाई सहा वेळा उठून वेळ लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी घरी जाताना सरांना काही बोललीस?"

"फक्त विचारलं," दिपमाला म्हणाली. "ताट घेऊन ते आत येत होते. मी म्हटलं, सर, पाळी चुकली होती म्हणून सांगितलं होतं, टेस्ट केली ना? तर त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे."

६

दुपारी अध्यक्षांच्या खोलीत सगळे जमले. शेवभाजीचा वास जिन्यापर्यंत आला होता; कुमुदबाई घरी येत नाहीत म्हटल्यावर पंडितनानांनी डबेच मागवले होते. डॉ. प्रेमराज उशिरा आले आणि त्यांनी आल्या आल्या कुमुदबाईंचे पाय धरले. मॅडमनी शिकवलेला विद्यार्थी, असं त्यांनी नानांना ऐकवलं. पाय धरणारा माणूस वाकतो तेव्हा त्याचे डोळे दिसत नाहीत, एवढाच त्या रिवाजाचा फायदा.

कुमुदबाईंनी स्लाइडबद्दल सांगितलं. प्रेमराज लक्ष देऊन ऐकत होते. मग दिलगिरीच्या सुरात म्हणाले, की बरणीत धनसिंगनं पाणी भरलं असेल, ते दुर्दैव, पण मेलेली पेशी ती मेलेलीच. पोटात मेली काय नि बरणीत मेली काय, स्लाइडवर कोण सांगणार? आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी काळं पाहिलं होतं.

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत तू हेच उत्तर दिलं होतंस," कुमुदबाई म्हणाल्या. "मेलेली ती मेलेली. मी तुला नापास करत होते. बाहेरचे परीक्षक म्हणाले, जाऊ द्या, मुलगा सर्जन होणार आहे, त्याला पेशी काय करायच्यात. मी दोन गुण वाढवले. ती माझी चूक, आणि मी ती आज या रिपोर्टात लिहिणार आहे."

मग त्या बोलत गेल्या, एकाच सपाट आवाजात, वर्गात बोलत तशा. बरणी कोरडी कुणी नेली, ते धनसिंगनं सांगितलं. दोन दिवस ती कुठल्या गाडीत तापली, ते सत्काराच्या फोटोंवरून कळेल. बरणी कोरडी ठेवणारा आणि मागून कडक फॉर्मॅलिन ओतणारा माणूस एकच, कारण आपण काय लपवतोय हे त्यालाच ठाऊक होतं. धनसिंग चुकला असता तर पाणीच राहिलं असतं. दीपककडे बरणी सोमवारी आली, तोवर सडायचं ते सडलं होतं. उरलं कोण?

"आणि कारण?" प्रेमराज हसले. "चांगलं अंडाशय मी कशाला काढीन? मला काय मिळालं?"

"तू ते चांगलं म्हणून काढलंच नाहीस. तुला ती गाठ वाटली." कुमुदबाईंनी पाचवा ठोकळा टेबलावर ठेवला, शेवभाजीच्या डब्याशेजारी. "बाईला दिवस गेले की अंडाशयात एक पिवळा गोळा वाढतो. पहिले दोन-अडीच महिने गर्भ त्याच्यावरच तगतो. तो कधी दुखतो, कधी थोडा रक्ताळतो. त्याला हात लावायचा नसतो. तुला रविवारच्या सत्काराची घाई होती, सोनोग्राफी कोण करणार, म्हणून तू पोट उघडलंस, पिवळं दिसलं, गाठ म्हणालास आणि कापलंस. ताट घेऊन मिरवून आलास. मग दिपमालानं एक प्रश्न विचारला आणि तुझ्या लक्षात आलं, की तू काय कापलंस. तीन दिवसांनी त्या मुलीचा गर्भ पडला, नि तू तिला सांगितलंस की सडलंय. गोळा ओळखता येऊ नये म्हणून सडवायचा होता, आणि प्रश्न विचारणारी राहू नये म्हणून तिला काढायचं होतं."

पंडितनानांनी घसा खाकरला. ते म्हणाले, हे सगळं पुसट आकृतीवरून, मॅडम, लोक हसतील. गोळा होता-नव्हता, दिवस होते-नव्हते, याला पुरावा काय?

कुमुदबाईंनी पर्समधून साठ रुपयांची एक पट्टी काढली. घरी गरोदरपण तपासायची, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते ती. ज्योतीची तपासणी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नूरभाईसमोर केली होती, त्याची सही घेऊन. गर्भ गेला तरी त्याची खूण रक्तात-लघवीत काही आठवडे रेंगाळते. पट्टीवर दुसरी रेघ होती, फिकी, पण होती.

"एवढी मोठी इमारत बांधलीत, नाना," त्या म्हणाल्या. "त्या शुक्रवारी एवढीच पट्टी वापरायची होती."

प्रेमराज आता हसत नव्हते. पंडितनानांना मात्र अजून वाट दिसत होती. त्यांनी आवाज खाली आणून सुचवलं, की निष्कर्ष काढता येत नाही, असं लिहा. सिस्टरला आम्ही परत घेतो, आजच्या आज. पत्र फाडतो. कुणाचंच नुकसान नको.

कुमुदबाईंनी मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या दिपमालाकडे पाहिलं. शेवटी नोकरी तिची होती, नोंदणी तिची, कडेवरचं पोर तिचं. कुमुदबाई ओशाळल्या, कारण काय उत्तर यावं असं त्यांना वाटत होतं ते मागायचा त्यांना हक्क नव्हता.

दिपमालानं मुलीच्या तोंडावरचा बिस्किटाचा चुरा पदरानं पुसला.

"ज्योतीला काय सांगणार तुम्ही?" तिनं नानांना विचारलं. "निष्कर्ष निघत नाही म्हणून?"

नानांनी शेवभाजीच्या डब्याचं झाकण लावलं. ती म्हणाली, लिहा मॅडम, जे आहे ते.

७

रिपोर्ट त्यांनी हातानं लिहिला, तीन प्रती. एक वैद्यकीय परिषदेला, एक पोलिसांना आणि तिसरी दिपमालाच्या हातात, कारण या इमारतीत पानं येतात-जातात.

मग त्या वॉर्डात गेल्या. हे काम कुठल्याच विद्यार्थ्याला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. मायक्रोस्कोपवाल्यांना रुग्णाचं तोंड बघायची सवय नसते. ज्योती कुशीवर पडली होती. ताईबाई उशाजवळच्या एकुलत्या स्टुलावर. कुमुदबाईंनी जेवढं सोपं करता येईल तेवढं सोपं करून सांगितलं. पोटात काही सडलेलं नव्हतं. जे काढलं ते चांगलं होतं. डावं अंडाशय शाबूत आहे, पुन्हा दिवस जातील, त्यात काही अडचण नाही.

ज्योतीनं पहिल्यापासून सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मंग व्हतं ना?"

"होतं," कुमुदबाई म्हणाल्या. "सात आठवड्यांचं."

ती रडली नाही. तिनं डोळे मिटले, आणि दोन आठवडे आवळून धरलेली चादरीची मूठ सैल झाली. असं काही नव्हतंच, आपल्याला भास झाला, असं ती स्वतःला समजावत आली होती. कुणाला सांगितलंच नव्हतं, तर रडायचं तरी कुणापाशी? आता निदान जे गेलं ते होतं, हे कुणीतरी म्हटलं होतं.

ताईबाई सुनेकडे बघत राहिल्या. मालेबी नही सांगं, असं त्या पुटपुटल्या, पण त्यात राग नव्हता.

"कोणलेच नही सांगं," ज्योती डोळे न उघडता म्हणाली. "सिस्टरनी इचारं, तिलेच सांगं."

दिपमाला वॉर्डाच्या दारात उभी होती. गणवेश नाही, म्हणून इनचार्जबाई तिला आत सोडत नव्हत्या. भेटीची वेळ चार ते सहा, असं त्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून सांगत होत्या. ताईबाईंनी तिकडे पाहिलं. तिला शिव्या घालून त्यांचं तोंड दोन आठवडे दुखलं होतं, अर्जावर अंगठा त्यांचाच होता.

त्या स्टुलावरून उठल्या, पदरानं स्टूल पुसलं आणि दारापर्यंत जाऊन दिपमालाच्या कडेवरची मुलगी आपल्याकडे घेतली.

"जाय बेटा, बठ तिनाजोडे," त्या ज्योतीजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, आणि इनचार्जबाईंच्या वाटेत पाठ करून उभ्या राहिल्या.